वेलणकरचा हात

आम्ही दोन-तीन कुटुंबं अधूनमधून एकत्र बसून जुने सिनेमे पाहतो. ‘अर्धसत्य’ (१९८३) लावायचं ठरलं तेव्हा आमच्या चौदा वर्षांच्या चिरंजीवांना बसू द्यावं की नाही, यावर बरीच चर्चा झाली. गंमत म्हणजे डझनांनी माणसं गोळ्या खाऊन पडतात असे सिनेमे आम्ही त्याच्या शेजारी बसून पॉपकॉर्न खात पाहिले आहेत!

पानवलकरांच्या ‘सूर्य’ कथेवरून विजय तेंडुलकरांनी ही पटकथा लिहिली, दिग्दर्शन गोविंद निहलानींचं. त्यात मारामारी मोजकीच आहे, पण प्रत्येक फटक्याला मागचा इतिहास आहे. अनंत वेलणकरचे वडील पोलिसात होते. ते आईला मारायचे आणि लहानगा अनंत मुकाट पाहायचा. पुढे त्याच वडिलांच्या हट्टापायी तो फौजदार होतो. एका कामगिरीचं श्रेय दुसऱ्यालाच मिळतं, तेव्हा दारूच्या नशेत तो कोठडीतल्या एका भुरट्या चोराला मरेपर्यंत मारतो. चोरी कशाची, तर एका रेडिओची. रामा शेट्टीचा गळा तो आवळतो ते त्यानंतर.

पटकथेचं मर्म मला या क्रमात वाटतं. शेट्टीचा खून आधी घडला असता तर वेलणकर सरळ नायक ठरला असता. इथे शेट्टीच्या गळ्यावरचे हात आपण आधी एका दुबळ्या माणसावर पडलेले पाहिलेले असतात. शेट्टी मेल्यावर चिरंजीव “बरं झालं” म्हणाले खरे, पण जेवताना हळूच विचारलं, “बाबा, मग त्या रेडिओवाल्याला का मारलं?” हल्लीच्या सिनेमांत नायकाला असा हिशेब कोणी विचारत नाही. मरणारे कोण होते हेही आपल्याला कळत नाही.

रामा शेट्टीही एरवीचा खलनायक नव्हे. सदाशिव अमरापूरकरांनी त्याला आरडाओरडा करू दिलेला नाही. तो घरात निवांत बसून बोलतो आणि त्या निवांतपणाचीच भीती वाटते.

एक मात्र खटकतं. स्मिता पाटीलची ज्योत्स्ना प्राध्यापिका आहे, विचारी आहे, पण पटकथेत तिच्या वाट्याला मुख्यतः वेलणकरला प्रश्न विचारण्याचं काम येतं. वेलणकरच्या रागाची मुळं तेंडुलकर थेट त्याच्या लहानपणापर्यंत खणत गेले; ज्योत्स्नाच्या नकारामागे काय आहे, हे आपल्याला तिच्या चेहऱ्यावरूनच ताडावं लागतं. स्मितासारखी अभिनेत्री होती म्हणून ते निभावलं.