‘उदात्तीकरण’ : संज्ञा आणि तिचे ओझे

मनोविश्लेषणातील ज्या संज्ञा मराठी समीक्षेत रुळल्या, त्यांत ‘उदात्तीकरण’ ही सर्वांत निर्धोक भासणारी संज्ञा आहे. तिच्या या निर्धोकपणाचीच तपासणी व्हावयास हवी.

फ्रॉइडचा मूळ शब्द ‘झुब्लिमीरुंग’. त्यात उंचावण्याची छटा आहे, तसाच रसायनशास्त्राचा संदर्भही आहे : स्थायू पदार्थ द्रवरूप न होता थेट वायुरूप होणे. मराठीत या क्रियेस ‘संप्लवन’ म्हणतात. कापूर उडून जातो. पण वायुरूपातही तो कापूरच असतो. मराठीत मूळ शब्दाची अशी फाळणी झाली आणि मनोविश्लेषणाच्या वाट्याला ‘उदात्त’ तेवढे आले. या शब्दामागे संस्कृत नाट्यशास्त्रातील धीरोदात्त नायक उभा आहे, लाँजायनसची उदात्तमीमांसाही आहे. परिणामी वर्णनपर संज्ञा मूल्यवाचक झाली. एखाद्या कवितेत वासनेचे उदात्तीकरण झाले आहे, असे म्हणताच ती कविता श्रेष्ठ ठरल्याचा भास होतो.

फ्रॉइडची भूमिका अशी नाही. कामप्रेरणा आपले लैंगिक उद्दिष्ट सोडून समाजाने मोलाच्या मानलेल्या उद्दिष्टाकडे वळते, एवढेच तो म्हणतो. १९१४ मधील आत्मरतीविषयक निबंधात तो उदात्तीकरण व आदर्शीकरण यांत स्पष्ट भेद करतो : पहिल्याचा संबंध प्रेरणेशी, दुसऱ्याचा प्रेमविषयाशी. लिओनार्दोवरील १९१० च्या ग्रंथात तर उदात्तीकरणाची किंमतही दिसते. ज्ञानलालसेत रूपांतरित झालेली प्रेरणा चित्रकाराच्या कुंचल्यावर कुरघोडी करते, चित्रे अपुरी राहतात. कलासिद्धीचे स्वरूप मनोविश्लेषणाच्या आवाक्याबाहेरचे आहे, अशी कबुलीही तो त्याच ग्रंथात देतो.

ज्ञानदेवांच्या विरहिणींना ‘शृंगाराचे उदात्तीकरण’ म्हणणे म्हणूनच अपुरे आहे. या विधानात शृंगार हा जणू मागे टाकलेला मजला ठरतो. प्रत्यक्षात चंदनानेही पोळणारा देह त्या रचनांतून कोठेही नाहीसा होत नाही. विठ्ठलाची ओढ व्यक्त होते ती त्याच्याच भाषेत. ‘संप्लवन’ हा शब्द मनात ठेवून वाचले, तर ‘काय मागे पडले?’ याऐवजी ‘काय टिकून राहिले आणि कोणत्या रूपात?’ हा प्रश्न समोर येतो. त्याचे उत्तर रचनेतच शोधावे लागते. संज्ञा उच्चारून ते मिळत नाही. रूढ झालेला शब्द बदलावा, असे सुचवावयाचे नाही. त्याने परस्पर दिलेला निवाडा मात्र समीक्षेने स्वीकारू नये.