वळिवडें छावणींतील पोलिश चर्च
कोल्हापुरानजीक वळिवडें येथें १९४३ ते १९४८ या काळांत पोलिश निर्वासितांची छावणी होती. तिजविषयींच्या लेखनांत आश्रय देणाऱ्यांचें औदार्यच गाइलें जातें. तें आम्ही नाकारीत नाहीं; परंतु आरंभीं तिचा खर्च लंडनस्थ पोलिश सरकार करीत होतें, हें वगळणें न्याय्य नव्हे.

त्याहून मोठी उणीव चर्चविषयींची. सोव्हिएत हद्दपारींतून इराणमार्गें आलेल्या सुमारें ५,००० जीवांत स्त्रिया व मुलेंच बहुसंख्य होतीं. गांव गेलेल्या ह्या लोकांस छावणींतील कॅथलिक चर्च हेंच गांव झालें. पुढें तेथें सिंधी निर्वासितांचें गांधीनगर वसलें. कोल्हापुरांत पोलिश थडगीं उरलीं. केवळ दात्यांचाच इतिहास लिहिणें म्हणजे आश्रितांस पुन्हां मुकें करणें होय, असें आमचें मत आहे.