दात्याचे नाव, कारागिराचे माप : समाजमाध्यमांच्या काळातील कलानिष्ठा

प्रास्ताविक

कला आणि आश्रय यांचे नाते पुरातन आहे. कलावंताला पोट असते आणि कलेला रसिक लागतो; म्हणून आश्रयावाचून कला टिकल्याची उदाहरणे विरळाच आढळतात. समाजमाध्यमांवरील अनुयायांच्या बळावर वस्तूंपासून मतांपर्यंत सर्व काही खपवू शकणाऱ्या ‘इन्फ्लुएन्सर’ वर्गाचा उदय झाल्यावर ‘कलावंताने बाजारापासून दूर राहावे’ हा जुना उपदेश नव्याने केला जातो. तो इतिहासाला धरून नाही. आश्रय स्वीकारल्याने कलानिष्ठा ढळत नाही. मग ती नेमकी केव्हा ढळते, हा खरा प्रश्न आहे. मावळातील लेणी आणि बैठकीची लावणी या दोन उदाहरणांच्या आधारे प्रस्तुत लेखात त्याचा विचार केला आहे.

मावळातील शिलालेखांची साक्ष

पुणे-लोणावळा लोहमार्गावरील कामशेत आज पॅराग्लायडिंगसाठी आणि पवना धरणाकडे जाणाऱ्या पर्यटकांमुळे ओळखले जाते. येथील डोंगरांची व जलाशयाची चित्रे समाजमाध्यमांवर अखंड झळकत असतात. याच परिसरात बेडसे आणि कार्ले येथील लेणी आहेत. बेडसे येथे नाशिकच्या आनंद श्रेष्ठीचा पुत्र पुष्यणक याच्या दानाची नोंद कोरलेली आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहात वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीचा लेख आहे. आपण पूर्ण करविलेले हे शैलगृह जंबुद्वीपात उत्तम असल्याचे तो सांगतो. आजच्या भाषेत ही जाहिरातच होय. आत्मप्रसिद्धीची हौस समाजमाध्यमांनी जन्माला घातली नाही, हे येथे सिद्ध होते.

तथापि या जाहिरातीचे दोन विशेष ध्यानात घेतले पाहिजेत. पहिला असा, की दान उघड आहे. कोणी काय दिले, हे दगडावर सर्वांना वाचता येईल असे लिहिले आहे. दुसरा विशेष अधिक महत्त्वाचा. कार्ल्याच्या स्तंभांचे दाते वेगवेगळे. त्यांत धेनुकाकटचे रहिवासी आहेत, यवनही आहेत. परंतु दोन्ही बाजूंच्या पंधरा-पंधरा स्तंभांची रांग पाहताना दात्यांचे हे वेगळेपण जाणवत नाही. घटाकृती तळखडा, अष्टकोनी खांब, शीर्षावरील प्राणी व त्यांवरील स्वार हा क्रम एका मापाने चालतो. दात्याला नाव मिळाले. माप मात्र वास्तूचे राहिले. प्रवेशद्वाराजवळच्या एका लेखात वेणुवासाचा पुत्र सामि या धेनुकाकटच्या सुताराने हे गृहमुख केल्याचा उल्लेख आहे. श्रेष्ठींच्या पंक्तीत कारागिराचे नावही टिकले, ही गोष्ट लहान नव्हे.

बैठकीची लावणी आणि काळाचे माप

दगडातील माप डोळ्यांना दिसते. प्रयोगकलेतील माप काळाचे असते. त्यासाठी बैठकीच्या लावणीचे उदाहरण पाहणे उद्बोधक ठरेल. येथेही आश्रय उघडच होता. संगीतबारीत दौलतजादा देणारा रसिक समोर बसलेला असे आणि फर्माइशीला विरोध नव्हता. या व्यवस्थेत कलावंत स्त्रियांचे शोषण झाले, हे विसरून तिचा गौरव करणे अनुचित होईल. मात्र यमुनाबाई वाईकर यांच्यासारख्या कलावतींनी जी अदाकारी जोपासली, तिचे मर्म पुनरावृत्तीत आहे. एकच ओळ बसल्या जागी पुन:पुन्हा गायली जाते आणि प्रत्येक वेळी नजर, मान व हात यांतून तिचा अर्थ पालटतो. कधी रुसवा, कधी उपरोध, तर कधी शरणता. सौंदर्य कोणत्याही एका आवर्तनात नसून दोन आवर्तनांमधील फरकात असते.

भारतात जुलै २०२०मध्ये ‘इन्स्टाग्राम रील्स’ सुरू झाले तेव्हा त्यांची मर्यादा पंधरा सेकंदांची होती. पुढे ती वाढली. पण पहिल्या क्षणीच नजर खिळवण्याची अट कायम राहिली. या अटीत लावणीचे एकच आवर्तन मावते, आणि साहजिकच सर्वांत ठसठशीत आवर्तन निवडले जाते. अशा वेळी लावणी दिसते, पण उलगडत नाही. येथे कलावंताने पैसे घेतले हा आक्षेप नाही. कलेचे माप कलेबाहेर ठरले, हा आक्षेप आहे. दौलतजादा करणारा रसिक समोर असल्याने त्याला थोपवता येत होते, हळूहळू घडवताही येत होते. पडद्यामागील गणिती यंत्रणेशी असा संवाद संभवत नाही.

नियमांची मर्यादा

ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडिया या संस्थेने २०२१मध्ये इन्फ्लुएन्सरांसाठी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. मोबदला घेऊन केलेला मजकूर जाहिरात असल्याचे स्पष्ट दर्शवावे, असा त्यांचा आशय आहे. दात्याचे नाव उघड असावे, ही शिलालेखांतील रीतच जणू येथे नियमरूपाने परतली आहे. ती स्वागतार्ह असली, तरी पुरेशी नाही. नाव उघड करण्याची सक्ती नियम करू शकतो. माप राखण्याची सक्ती कोणताही नियम करू शकत नाही. ती जबाबदारी कलावंताची आणि त्याला पारखणाऱ्या समाजाची आहे.

समारोप

समाजमाध्यमांनी मध्यस्थाविना रसिकांपर्यंत पोहोचण्याची वाट अनेक उपेक्षित कलावंतांना खुली केली, हे मान्यच करावे लागेल. त्या वाटेने जाण्यात कमीपणा नाही. रीलमधील आवर्तन बैठकीकडे नेणारे दार ठरत असेल, तर ते उपकारकच होय. तेच बैठकीची जागा घेऊ लागले, तर निष्ठा ढळली असे समजावे. म्हणून महाविद्यालयीन कलामंडळांत व युवक महोत्सवांत परीक्षण करताना अनुयायांची संख्या विचारण्याऐवजी दोनच गोष्टी तपासाव्यात. दाता उघड आहे काय, आणि माप कोणाचे आहे? अध्यापकांनी ही तपासणी सोडली, तर पुढील पिढीला लावणीचे एकच आवर्तन ठाऊक राहील, आणि तेच संपूर्ण आहे असे तिला वाटेल.