शरीरभार आणि बाहुबल : कोल्हापूरच्या तालीम परंपरेच्या संदर्भात एका निकषाची चिकित्सा

प्रस्तावना

कोल्हापूर आणि मल्लविद्या यांचे नाते सर्वश्रुत आहे. राजर्षी शाहू महाराजांचा उदार आश्रय, १९१२ साली खुले झालेले खासबाग मैदान आणि मोतीबाग, गंगावेश, शाहूपुरी यांसारख्या तालमी यांमुळे या नगरीत 'ताकद' हा शब्द केवळ वर्णनापुरता राहिला नाही; तो मूल्य म्हणून रुजला. तथापि ही ताकद मोजावयाची कशी, या प्रश्नाची चिकित्सा पुरेशी झालेली दिसत नाही. बाहू, खांदे व छाती यांच्या बळाचे मापन करताना उचललेल्या वजनास शरीराच्या वजनाने भागावे आणि येणाऱ्या आकड्यावरून श्रेष्ठ-कनिष्ठ ठरवावे, हा निकष आज व्यायामशाळांत प्रचलित आहे. वरवर पाहता तो न्याय्य वाटतो. प्रस्तुत लेखात या निकषाची मर्यादा तपासली आहे.

तालमीतील दोन परिमाणे

तालमीतील व्यायामप्रकारांचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात. जोर, दोर चढणे आणि मल्लखांब यांत स्वतःचे शरीर हेच ओझे असते. जोर मारताना हातांवर शरीरभाराचा सुमारे दोन तृतीयांश भाग येतो. दोरावर व मल्लखांबावर बहुतेक सर्वच भार हातापायांच्या पकडीने पेलावा लागतो. याउलट मुद्गल, करेला, नाल व गदा यांचे वजन ठरलेले असते. पेलणारा पन्नास किलोंचा आहे की शंभर किलोंचा, याची त्या दगडालाकडास फिकीर नसते.

हे दोन्ही वर्ग एकाच तालमीत नांदतात, ही बाब महत्त्वाची आहे. पहिल्या वर्गात हलक्या अंगाचा पोरगा सहज पुढे जातो, दुसऱ्यात भारदस्त मल्ल. दोन्ही प्रकार करून घेणाऱ्या वस्तादास पठ्ठ्याच्या बळाच्या दोन्ही बाजू दिसतात. आधुनिक मापनाने मात्र अनेकदा यांपैकी एकच बाजू उचलली. विसाव्या शतकाच्या सहाव्या दशकात अमेरिकेत तयार झालेल्या ए.ए.एच.पी.ई.आर. युवक क्षमता कसोटीत मुलांच्या बाहुबलासाठी पुल-अप्सची संख्या हे परिमाण होते. आपल्याकडील शारीरिक शिक्षणातही या कसोटीचा वापर झाला. अशा कसोटीत जड अंगाचा कुस्तीगीर कमी गुण मिळवतो. त्यावरून त्याचे बाहू दुबळे आहेत असा निष्कर्ष काढणे हास्यास्पद ठरेल.

भागाकाराचा दोष

या विसंगतीचे मूळ भूमितीत आहे. स्नायूचे बळ त्याच्या आडव्या छेदाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते, तर शरीराचे वजन घनफळावर. शरीर सर्व दिशांनी सारख्या प्रमाणात वाढले, तर क्षेत्रफळ वर्गाने आणि घनफळ घनाने वाढते. म्हणजेच बळ वजनाच्या दोन तृतीयांश घाताच्या प्रमाणात वाढते. भारोत्तोलनातील विक्रम या नियमाच्या बरेच जवळ जातात, हे लिएट्झ्के यांनी १९५६ साली 'सायन्स' या नियतकालिकात दाखविले होते. समान बांध्याचे ५७ व १०० किलोंचे दोन मल्ल घेतल्यास दुसऱ्याचे वजन सुमारे ७५ टक्क्यांनी अधिक असते. परंतु त्याचे अपेक्षित बळ सुमारे ४५ टक्क्यांनीच अधिक येते. भागाकार केला की तो १७ टक्क्यांनी 'कमकुवत' ठरतो. हा कमीपणा त्याच्या मेहनतीचा नाही. तो आकारमानाचा आहे.

२०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेतील उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. कोल्हापूरशेजारच्या सांगलीच्या संकेत सरगर याने ५५ किलो गटात ११३ व १३५ असे एकूण २४८ किलो वजन उचलून रौप्यपदक मिळविले. त्याच स्पर्धेत जेरेमी लालरिननुंगा याने ६७ किलो गटात ३०० किलो, तर अचिंता शेउली याने ७३ किलो गटात ३१३ किलो वजन उचलून सुवर्णपदके जिंकली. गटाची कमाल मर्यादा हेच शरीराचे वजन मानले, तर भागाकार अनुक्रमे ४.५१, ४.४८ आणि ४.२९ येतो, म्हणजे संकेत पहिला व अचिंता तिसरा. दोन तृतीयांश घाताने भागल्यास १७.१५, १८.१९ आणि १७.९२ हे आकडे मिळतात. म्हणजे जेरेमी पहिला, अचिंता दुसरा व संकेत तिसरा. कामगिरी तीच, केवळ भाजक बदलताच क्रम बदलला. शिवाय संकेतच्या कोपरास क्लीन अँड जर्कच्या दुसऱ्या प्रयत्नात दुखापत झाली होती, ही गोष्ट दोन्ही आकड्यांत उमटत नाही.

घाताचे सूत्रही अंतिम नव्हे. अतिजड गटात वाढलेले वजन सर्वस्वी स्नायूंचे नसते. म्हणूनच भारोत्तोलनात सिंक्लेअर यांचे, तर पॉवरलिफ्टिंगमध्ये विल्क्स यांचे अनुभवाधिष्ठित गुणांक रूढ झाले. आंतरराष्ट्रीय पॉवरलिफ्टिंग महासंघाने विल्क्स सूत्र २०१९ मध्ये बाजूस सारले आणि २०२० मध्ये पुन्हा नवे सूत्र स्वीकारले. यावरून अशी सूत्रे निसर्गनियम नसून संमत संकेत आहेत, हेच सिद्ध होते.

बाहुबल कोणते मोजले?

दुसरा आक्षेप अंशाविषयी आहे. स्नॅच व क्लीन अँड जर्क यांत पाय व कंबर यांचा वाटा फार मोठा असतो. बाहुबलाची खरी परीक्षा घेणारा 'प्रेस' हा प्रकार १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकनंतर वगळण्यात आला. खेळाडू पाठ इतकी मागे झुकवू लागले होते की, वैध उचल कोणती याविषयी पंचांत एकवाक्यता राहिली नाही. बेंच प्रेसमध्येही कमरेच्या कमानीने वजनाचा प्रवास आखूड होतो. त्यास आळा घालण्यासाठी २०२३ पासून कोपर खांद्याच्या पातळीपर्यंत खाली आणण्याचा नियम लागू झाला. अंशच असा संदिग्ध असेल, तर त्यास दशांशापर्यंत भागून अचूकता येत नाही.

खाशाबांचा दाखला

हा वाद केवळ आकडेमोडीचा नाही. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी खाशाबा जाधव १९४८ साली लंडनला ५२ किलो गटात सहावे आले आणि १९५२ साली हेलसिंकीत ५७ किलो गटात कांस्यपदकाचे मानकरी ठरले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक होय. वजनगटाच्या कुस्तीत प्रतिस्पर्धी आपल्याच वजनाचा असतो. कलाजंग मारताना जे शरीर खांद्यावर घ्यावयाचे, ते जवळजवळ स्वतःएवढे असते. तेथे सापेक्ष बळ हाच खरा निकष आहे. या मातीतील लोकमान्यता मात्र प्रामुख्याने जड मल्लांच्या किताबांभोवती फिरली. १९५९ चे हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे आणि १९६० चे गणपत आंदळकर यांचा गौरव यथार्थच होता. परंतु खाशाबांना अर्जुन पुरस्कार मिळाला तो १९८४ मधील त्यांच्या निधनानंतर, २००० सालचा. या विलंबाचे एकमेव कारण निकषात शोधणे अतिशयोक्तीचे होईल. तरीही निरपेक्ष बळालाच ताकद मानणाऱ्या दृष्टीत ५७ किलोंच्या मल्लाचे मोल कमी भरते, हे नाकारता येत नाही. साधा भागाकार जड मल्लावर अन्याय करतो, तर निव्वळ वजनाचा आकडा हलक्यावर.

समारोप

सारांश, शरीरभाराशी गुणोत्तर हा निकष त्याज्य नाही. त्याचे क्षेत्र मर्यादित आहे. जेथे स्वतःचे शरीर किंवा स्वतःएवढा प्रतिस्पर्धी हेच ओझे आहे, तेथे तो सार्थ ठरतो. भिन्न वजनांच्या व्यक्तींची सरसकट क्रमवारी लावण्यासाठी तो वापरणे अशास्त्रीय आहे. म्हणून महाविद्यालयीन चाचण्यांत उचललेले वजन, शरीराचे वजन आणि उचलीचा प्रकार या तिन्ही नोंदी स्वतंत्रपणे ठेवाव्यात, आणि तुलना शक्यतो वजनगटांतर्गतच करावी. तालमीने जोर आणि मुद्गल ही दोन्ही परिमाणे शेजारी ठेवली. त्यांतील एक गाळून दुसऱ्यालाच शास्त्र म्हणणे ही प्रगती नव्हे.