खणण्याआधी काय पाडलं? अथेन्सच्या अगोरामधलं अमेरिकन उत्खनन

तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाला पुरातत्त्वाबद्दल बोलायचा अधिकार काय, असं कोणी विचारलं तर उत्तर सोपं आहे. आम्ही आयुष्यभर ज्या सॉक्रेटिसबद्दल वर्गात बोललो, तो ज्या चौकात बोलायचा तो चौक या मंडळींनी उकरून काढला. त्यामुळे त्यांनी काय केलं हे तपासणं आमच्याकडे आपोआपच येतं.

अमेरिकन स्कूल ऑफ क्लासिकल स्टडीज ही संस्था अथेन्समध्ये 1881 साली सुरू झाली. फ्रेंच आणि जर्मन संस्था तिच्याआधीच तिथे ठाण मांडून होत्या. फ्रेंचांकडे डेल्फी, जर्मनांकडे ऑलिम्पिया. अमेरिकनांना तोलामोलाचं ठिकाण हवं होतं आणि त्यांना अगोरा मिळाला. खर्च ग्रीक सरकारला झेपणारा नव्हता, रॉकफेलरांचा पैसा आला आणि 25 मे 1931 रोजी पहिली कुदळ पडली.

आता ‘पहिली कुदळ’ हा शब्द मी सवयीने वापरला. खरं पाहता पहिली कुदळ पडली ती घरांवर. अगोरा म्हणजे मोकळं माळरान नव्हतं. त्यावर व्रिसाकी नावाची नांदती वस्ती होती. अंगणं, विहिरी, दुकानं, एक चर्च. सुमारे 24 एकर जागा, साडेतीनशेहून जास्त इमारती. जागा सक्तीने संपादन झाली, मालकांना मोबदला मिळाला, आणि हजारो माणसं उठली. काळही कसा, बघा. 1922 च्या आशिया मायनरच्या संहारानंतर ग्रीसमध्ये निर्वासितांचे लोंढे आलेले, अथेन्समध्ये डोक्यावर छप्पर मिळणं मुश्कील. आपल्याकडे धरणग्रस्त हा शब्द आहे. उत्खननग्रस्त असा शब्द मात्र मराठीतही नाही आणि माझ्या वाचनात इतरत्रही आलेला नाही.

माझी पहिली हरकत इथे आहे. ‘घरं पाडली हे क्रूर झालं’ एवढंच मला म्हणायचं नाही. उत्खनन ही अशी विद्या आहे की ती आपला पुरावा वाचता वाचता नष्ट करते. वरचा थर काढल्याशिवाय खालचा दिसत नाही, आणि काढलेला थर परत बसवता येत नाही. म्हणजे कुठला थर मोलाचा हे खणण्याआधीच ठरवावं लागतं. हा निर्णय शास्त्रातून येत नाही, तो मूल्यनिर्णय असतो. इथे तो संस्थेच्या नावातच होता: ‘क्लासिकल’. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातलं अथेन्स खरं, आणि एकोणिसाव्या शतकातलं अथेन्स म्हणजे राडारोडा!

न्याय करायचा तर हेही सांगितलं पाहिजे. संस्थेने पाडण्याआधी घरांचे फोटो काढले. इसवी सन 1000 च्या आसपासचं प्रेषितांचं चर्च राखलं, त्याची नीट डागडुजी केली आणि त्यावर ॲलिसन फ्रान्ट्झ यांचा स्वतंत्र ग्रंथ 1971 मध्ये काढला. सापडलेली कुठलीही वस्तू अमेरिकेत गेली नाही. सगळा संग्रह जागेवरच आहे. आणि 2020 साली संस्थेनेच सिल्व्ही द्युमाँ यांचं व्रिसाकीवरचं पुस्तक छापलं, ज्यात ती हरवलेली वस्ती कागदपत्रं, नकाशे आणि फोटो यांतून पुन्हा उभी केली आहे. स्वतः पाडलेल्या वस्तीचा इतिहास स्वतः छापणाऱ्या संस्था फार नाहीत. पण तोवर जवळपास नव्वद वर्षं उलटली होती. 1931 साली जी माणसं मोठी होती, त्यांच्यातलं कोण उरलं असणार ते वाचायला?

दुसरी हरकत ज्ञानाबद्दलची. ही मंडळी हातात पुस्तक घेऊन खणतात. डायोजिनिस लाएर्शियस सांगतो की सायमन नावाच्या चांभाराच्या दुकानात सॉक्रेटिस जाऊन बसायचा. अगोराच्या कोपऱ्यावर एका घरात चपलांचे खिळे, हाडाच्या गोल कड्या आणि ‘सायमनचा’ असं कोरलेला पेल्याचा तळ मिळाला. झालं, सायमनचं घर सापडलं! पण डायोजिनिस हा सॉक्रेटिसनंतर सहाएकशे वर्षांनी लिहितोय. प्लेटो आणि झेनोफन या चांभाराचं नावही घेत नाहीत. तुरुंगाचंही तेच. एका इमारतीत तेरा लहानशा कुप्या मिळाल्या, त्या विषाच्या असाव्यात, आणि सॉक्रेटिसची असावी अशी एक छोटी मूर्ती. त्यावरून सॉक्रेटिसने विष प्यायलं ते हेच ठिकाण, असं युजिन व्हँडरपूल यांनी सुचवलं. सगळ्या अभ्यासकांना ते पटलेलं नाही. ‘असावं’ दोनदा आलं की तर्कशास्त्राचा मास्तर जागा होतो. माहितीफलकावर मात्र ‘असावं’ला फारशी जागा नसते.

याउलट याच संस्थेचं काम कुठे अव्वल ठरतं पाहा. 1937 मध्ये ऑस्कर ब्रोनीर यांना अक्रोपोलिसच्या उत्तर उतारावरच्या एका विहिरीत 190 खापरं मिळाली. हद्दपारीच्या मतदानाची, सगळ्यांवर थेमिस्टोक्लीसचं नाव. अक्षरं तपासली तर ती अवघ्या चौदा हातांची! म्हणजे कोणीतरी मतं आधीच लिहून वाटायला ठेवली होती. हे कुठल्याही प्राचीन ग्रंथकाराने आपल्याला सांगितलेलं नव्हतं. पुस्तकाला चित्र जोडणं आणि पुस्तकाला न विचारता काहीतरी कळणं, यात हा फरक आहे. लोकशाहीवर बोलताना मी विद्यार्थ्यांना पेरिक्लीसच्या भाषणाआधी ही खापरं सांगत असे.

अत्तालोसच्या स्तोआबद्दल थोडक्यात. ही स्तंभांची लांबलचक ओसरी 1953 ते 1956 मध्ये नव्याने उभारली, आज तिथेच संग्रहालय आहे. उत्तरेचं टोक छपरापर्यंत शाबूत होतं, त्यामुळे आराखडा काल्पनिक नाही, हे मान्य. पण मूळची वास्तू पर्गमॉनच्या राजाची देणगी, ती नव्याने बांधली अमेरिकन पैशांनी, आणि 2003 मध्ये दहा नव्या देशांच्या युरोपीय संघातल्या प्रवेशाच्या करारावर सह्या झाल्या त्या तिथेच. लोकशाहीचं जन्मस्थान म्हणून टीव्हीवर जे दिसलं ते एका राजाचं दान होतं. त्या दिवशी कोणाला तरी हे सांगावंसं वाटलं असेल की नाही, कुणास ठाऊक.

शेवटी झीनोची चित्रित ओसरी, जिच्यावरून स्टोइक हे नाव आलं. तिचं पश्चिमेकडचं टोक 1981 मध्ये रेल्वेरुळांपलीकडे मिळालं. पुढचा भाग आजच्या इमारतींच्या खाली सरकत जातो. ती सबंध पाहायची माझी इच्छा आहे, लपवत नाही. त्यासाठी वरची किती घरं पाडायची, हे माझ्यासारख्या पुण्यात बसलेल्या माणसाने ठरवावं का, की त्या घरांत राहणाऱ्यांनी, की पैसे देणाऱ्याने? प्रश्नोत्तरांत आपण इथूनच सुरुवात करू.