‘दृश्यम’ आणि न सापडलेले प्रेत

निशिकांत कामत यांचा ‘दृश्यम’ (२०१५) गोव्यात घडतो. जीतू जोसेफ यांच्या २०१३च्या मल्याळम चित्रपटाचा हा हिंदी अवतार. त्याविषयी बोलताना एक वाक्य हमखास ऐकू येते : प्रेतच नाही, तर खून सिद्ध होणार कसा? मला चित्रपट आवडतो, पण या वाक्यासाठी नव्हे.

ही समजूत जुनी आहे. १६६० साली इंग्लंडमधल्या कॅम्पडन गावातून विल्यम हॅरिसन नाहीसा झाला. त्याचा नोकर जॉन पेरी याने स्वतःच्या आईचे आणि भावाचे नाव घेतले. तिघेही फासावर गेले. १६६२ मध्ये हॅरिसन जिवंत परतला. खून झाल्याचे सिद्ध झाल्याशिवाय, निदान प्रेत मिळाल्याशिवाय शिक्षा देऊ नये, असे न्यायाधीश मॅथ्यू हेल यांनी त्याच शतकात लिहून ठेवले. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र रामानंद विरुद्ध हिमाचल प्रदेश या खटल्यात (१९८१) ही केवळ सावधगिरीची सूचना मानली. मृत्यू आणि मारेकरी दोन्ही परिस्थितिजन्य पुराव्याने निःसंशय ठरत असतील, तर प्रेतावाचून अडत नाही.

विजय साळगावकरला हे उमगलेले असावे. प्रेत पुरून तो थांबत नाही. कुटुंबाला पणजीला नेतो आणि बसचा कंडक्टर, हॉटेलवाला, थिएटरमधला माणूस यांच्या आठवणीत आदला दिवसही, म्हणजे २ ऑक्टोबरही, घुसवतो. साक्षीदार खोटे बोलत नाहीत. त्यांना खरेच तसे आठवते. चित्रपटाची सारी बुद्धी इथे आहे. गायतोंडेने त्याला पिवळ्या गाडीत पाहिलेले असते, पण दोघांचे वैर पटकथेने आधीच पेरल्यामुळे ती साक्ष लंगडी पडते. जमीन खणण्याचा प्रसंग टाळ्या घेतो. मला तोच ढोबळ वाटतो. आणि युक्ती ओळखलेली मीरा देशमुख पुराव्याकडे न वळता मारहाणीकडे वळते, हे तर न पटणारेच.

पुण्याच्या डॉ. लागूंचा खटला शेजारी ठेवून पाहावा. १९५६ मध्ये त्यांच्या एका विधवा रुग्णाचा मुंबईत मृत्यू झाला. प्रेत बेवारस ठरले, शवविच्छेदनही झाले, पण विष सापडले नाही. पुढे नातेवाइकांना तिच्या नावाने पत्रे येत राहिली : मी लग्न केले आहे, लांब राहते. आरोपीच्या विरुद्ध ही बनावट पत्रेच सर्वांत मोठ्याने बोलली. सर्वोच्च न्यायालयात एका न्यायमूर्तींचे मत वेगळे पडले, तरी दोषसिद्धी कायम राहिली. साळगावकरांनी जपलेली तिकिटे एखाद्या मुरलेल्या सरकारी वकिलाने याच नजरेने वाचली असती. पटकथेत तसा वकीलच नाही.