टाकलं, बसलो की गेलं?

जपानी शिकणाऱ्याला 'शिमाउ' हे क्रियापद आधी घरगुती अर्थानं भेटतं : आवरून ठेवणं. सकाळी फुतोनची घडी करून ती कपाटात ठेवायची, ते 'शिमाउ'. कायमचं दुकान बंद करणं म्हणजे 'मिसे-जिमाई'. आपणही 'दुकान आवरलं' म्हणतोच की.

घोटाळा होतो तो हे क्रियापद दुसऱ्या क्रियापदामागे लागलं की. 'योंदे शिमात्ता' म्हणजे वाचून संपवलं; किंवा वाचायला नको होतं, ते वाचलं. पाठ्यपुस्तकं इथे पूर्ती आणि पश्चात्ताप असे दोन खण पाडतात. परीक्षेपुरतं ठीक आहे. पण दोन्हीकडे मूळ गोष्ट एकच, की झालं ते आता मागे घेता येत नाही. त्याचं समाधान वाटावं की हळहळ, हे प्रसंग ठरवतो. 'ताबेते शिमाओ', म्हणजे 'खाऊन टाकू या', यात हळहळीला जागाच नाही. 'वासुरेते शिमात्ता', म्हणजे 'विसरून गेलो', यात बहुधा तीच असते.

इंग्रजी अनुवादक अशा वेळी 'दुर्दैवानं' छापाचं एखादं क्रियाविशेषण चिकटवतो, किंवा सरळ गाळतो. मराठीला ती गरज नाही. आपल्याकडे टाकणं, बसणं, जाणं ही सहायक क्रियापदं आयती आहेत. जपानी पुस्तकं इंग्रजीमार्गे मराठीत येतात, तेव्हा नेमकी हीच श्रीमंती वाया जाते, याचं मला जास्त वाईट वाटतं.

तरी ही श्रीमंती अडचणीचीही आहे, कारण मराठीत निवड करावीच लागते. नात्सुमे सोसेकींच्या 'कोकोरो' (1914) या कादंबरीचा शेवटचा भाग म्हणजे 'सेन्सेई'चं प्रदीर्घ कबुलीपत्र. मित्राला अंधारात ठेवून त्यानं मुलीच्या आईकडे तिला मागणी घातली. पुढे त्या मित्रानं आत्महत्या केली. हे सांगताना मराठी सेन्सेई काय म्हणेल? 'मागणी घालून टाकली' म्हटलं तर तो निश्चयी ठरतो. 'घालून बसलो' म्हटलं तर त्यानं स्वतःला दोषी ठरवलंच. 'शिमाउ' वापरणाऱ्याला हे दोन्ही एकाच श्वासात म्हणता येतं, आणि निवाडा वाचणाऱ्यावर सोडता येतो. मी 'बसलो' घेणार नाही. इतकी वर्षं गप्प राहिलेला माणूस पहिल्याच वाक्यात एवढा उघडा पडणार नाही.

नुसतं 'शिमात्ता!' असं कुणी ओरडलं, तर मात्र विचार करायला नको. 'मेलो!'